तळकर सरांचा एलाझार

शुलामिथताईंचा फोन आला तेव्हा मी बहरीनमध्ये, मआमीरच्या लॅबमध्ये, पाण्याचे नमुने तपासत होते.

"संघप्रिया ना? चेंढऱ्याची? मी तळकर सरांची मुलगी."

हातातली बाटली मी खाली ठेवली. सरांना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. त्यांच्या मुलीला मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, ती लग्न करून इस्राएलला निघाली तेव्हा. मी दहा वर्षांची होते.

ही २०२३च्या जानेवारीतली गोष्ट. तेव्हा तेल अवीवहून बहरीनला विमान यायचं. ताई अलिबागला निघाल्या होत्या आणि वाटेत इथे दहा तास थांबणार होत्या. शाळेच्या ग्रुपवरून त्यांना माझा नंबर मिळाला होता. "तेवढंच मराठी बोलायला मिळेल," म्हणाल्या. मी हाफ डे टाकला आणि त्यांना विमानतळावरून हमद टाउनला घरी घेऊन आले.

जेवायला हामूर माशाचं कालवण केलं होतं, नारळाच्या दुधातलं. बिनखवल्यांची म्हणून कोलंबी आणलीच नव्हती. सरांच्या घरी काय चालतं आणि काय नाही, ते मला अजून पाठ आहे. ताईंनी पहिला घास घेतला. मग म्हणाल्या, "गो, तुला हे कुणी शिकवलं?"

"तुमच्या आईनं."

अलिबागच्या इस्राएल आळीत सर राहायचे. आळीतले सगळे मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी त्यांचा तेलाचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. माझ्या लहानपणी आळीतली बहुतेक घरं इस्राएलला गेली होती. सर मात्र राहिले. रिटायर झाल्यावर ओटीवर मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवायचे.

माझे बाबा गोपीनाथ, एसटीत कंडक्टर. पहिल्या दिवशी मला घेऊन गेले आणि अंगणातच उभे राहिले. "सर, आम्ही बौद्धवाड्यातले. पोर ओटीवर बसली तर चालेल ना?"

सरांनी बाबांना हाताला धरून वर घेतलं, पाणी दिलं आणि एकदम गोष्टच सुरू केली. फार जुन्या काळी याव्ने गावात ज्यूंच्या पंडितांची मोठी पाठशाळा होती. तिच्या प्रमुखानं एका विद्वानाचा चारचौघांत अपमान केला, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्या प्रमुखाला उतरवलं. आता जागेवर कोण? अकिबा सगळ्यांत हुशार, पण त्याच्या मागे घराणं नाही. मग एलाझारचं नाव निघालं. अझऱ्याचा मुलगा, वय अवघं अठरा, पण थेट एझ्रा शास्त्र्याच्या वंशातला, दहाव्या पिढीतला. एलाझार म्हणाला, घरी विचारून येतो. बायको म्हणाली, उद्या तुम्हालाही उतरवतील. तो म्हणाला, काचेचा पेला उद्या फुटायचा म्हणून आज त्यात पाणी प्यायचं नाही का? ती म्हणाली, तुमचा एक केस पिकलेला नाही, तुमचं ऐकणार कोण? आणि बघता बघता त्याची दाढी पांढरी झाली.

"अकिबाला वाईट वाटलं," सर म्हणाले. "तो म्हणाला, ज्याला टांगायला खुंटी आहे, म्हणजे मागे घराणं आहे, तो सुखी. खरंच होतं ते. पण त्याच दिवशी पाठशाळेच्या दारावरचा पहारेकरी काढला. ज्याला शिकायचं त्यानं यावं. इतके लोक आले की बाकं कमी पडली. दहा पिढ्यांचं मोठेपण असं वापरावं. आणि आमच्या पिढ्या विचाराल, कंडक्टरसाहेब, तर नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या बुडाल्या. मी कुणाला दारात अडवणार?"

बाबा जन्मभर ही गोष्ट सांगत राहिले.

ताई ऐकता ऐकता हसल्या. "मी शंभरदा ऐकली असेल. कंटाळायची मी." आणि मग डोळ्यांना पदर लावावा तशी त्यांनी स्वेटरची बाही लावली.

त्यांच्या मुलाचं, योनातानचं, लग्न ठरलं होतं. मुलीच्या गावचे रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, म्हातारे आणि हट्टी. म्हणाले, मुलाच्या आईकडची साखळी दाखवा. आईची आई, तिची आई, कारण ज्यूंचा वंश आईकडून मोजतात. "सदतीस वर्षं राहते तिथं. मुलगा सैन्यात जाऊन आला. आणि आता विचारतात, तुम्ही कोण? आजी माझ्या जन्माआधी गेली. कागद एक नाही. कब्रस्तानात दोनशे दगड, निम्मे मातीत. माझ्याकडे तीन दिवस."

"तुमच्या आजींचं नाव सिम्हाबाई घोसाळकर ना?" मी विचारलं.

"होय गो! तुला कसं ठाऊक?"

ज्यूंच्या नव्या वर्षाआधी सर कब्रस्तानातले दगड घासायला जायचे, आम्ही पोरं मागे. माझं अक्षर गिचमिड, म्हणून दगडांवरचं मराठी पाटीवर उतरवायला लावायचे. सिम्हाबाईंच्या दगडावर 'यांची कन्या' होतं, मी 'कण्या' लिहिलं. सर पोट धरून हसले. "सासूबाईंची पेज करतेस की काय?" ते कसं विसरणार?

मी लेकीच्या वहीतला कागद घेतला. फाटक, विहीर, उंडीचं झाड, झाडापासून तिसरी रांग. खुणा करून दिल्या. अलिबागला माझ्या आईला, इंदुबाईला, फोन लावून सांगितलं, "सरांची मुलगी येतेय. बरोबर जा."

दोन दिवसांनी दुपारी व्हिडिओ कॉल आला. आई, हातात खराटा. ताई गुडघ्यांवर, हात कोपरापर्यंत मातीत. "तुझं झाड पडलंय गो," आई ओरडली. "सकाळपासून भलतेच दगड उकरतोय." झाडाचा बुंधा शिल्लक होता, पण मी रांग चुकीची काढली होती. दगड चौथ्या रांगेत निघाला. ताईंनी पाणी ओतलं आणि मोठ्यानं वाचलं, "सिम्हाबाई. शिमशोन घोसाळकर यांची पत्नी. दीनाबाई व शेलोमो अष्टमकर यांची कन्या." शेवटच्या शब्दाला त्यांना रडू फुटलं. आईनं खराटा टाकून त्यांना जवळ घेतलं. लॅबच्या कॉरिडॉरमध्ये मीही रडत होते.

दगडाचे फोटो रब्बींकडे गेले. मुंबईच्या मशिदीतल्या, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगमधल्या, जुन्या वहीत दीनाबाईंचं लग्नही सापडलं. रब्बींनी मान डोलावली, मार्चमध्ये लग्न झालं.

त्यानंतर एकदा मी आईला विचारलं, "तुझ्या आईची आई कोण गं?"

"राही. नागोठण्याची. भात लावताना सगळ्यांच्या पुढं असायची म्हणे. तिच्या आधीचं मला ठावं नाही. कुणी सांगितलंच नाही."

सोफ्यावरून लेकीनं विचारलं, "व्हॉट वॉज हर नेम अगेन?"

"राही," मी म्हटलं. तिनं ते फोनमध्ये लिहून घेतलं.

त्या ऑक्टोबरात तिकडे युद्ध पेटलं आणि विमानं बंद झाली. ताईंची नि माझी पुन्हा भेट नाही. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथचे, म्हणजे सुट्टीच्या शनिवारचे, दिवे लावायच्या आधी, त्यांचा फोन येतो. मराठी शब्द निसटतात म्हणतात. परवा विचारत होत्या, "गो, दिवस मावळतो त्या वेळेला आपल्याकडे काय म्हणायचे?"

"तिन्हीसांजा."

"हां, तिन्हीसांजा," त्या म्हणाल्या, आणि हळूच पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.