हर्षिताचा आठवा दिवस

भार्गवीने तीन पाकिटं चटईवर मांडली आणि पहिल्यातला पॅड उलगडून दाखवला. हर्षिताने तो लगेच उशीखाली ढकलला.

"अक्का, दार उघडं आहे."

"असू दे. हा दिवसाचा, हा रात्रीचा. ही तर चड्डीच आहे, शाळेत घालून जाता येते. पाळीच्या कपचं नंतर बघू, घाई नाही. किती वेळाने बदलतेस?"

"एका तासाने."

"एका? कितवा दिवस?"

"आठवा."

चामराजपेटच्या या घरात पाळीतल्या बाईने मागच्या खोलीत बसायचं. ताट उंबऱ्याबाहेरून सरकवलं जाई. कपडे जिचे तिने धुवायचे. हर्षिता चौदा वर्षांची, तिलाही तेच लागू होतं. भार्गवी बायोकेमिस्ट्री शिकलेली. मावसबहिणीला काय वापरायचं ते नीट दाखवावं, एवढ्याच बेताने ती जे. पी. नगरहून आली होती. आता तिने हर्षिताची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग कागदासारखा पांढुरका होता. खांद्यावर, दप्तराचा पट्टा बसतो तिथे, जांभळा वण.

"रक्ताच्या गाठी पडतात?"

हर्षिताने अंगठा आणि तर्जनी जोडून कडं करून दाखवलं. त्यातून लिंबू गेलं असतं.

अनुसूया मावशी उंबऱ्याशी येऊन थांबली.

"झाली का शिकवणी? पोरीला घाबरवू नकोस हं. सोमवारी टॉन्सिलचं ऑपरेशन, आधीच स्वल्प धास्तावलीय."

"मावशी, डॉक्टरांना हे सांगितलंस?"

"हे म्हणजे?"

"इतकं जातं ते."

"त्यांनी विचारलं, घरात कुणाला रक्तस्रावाचा त्रास आहे का. मी नाही म्हटलं. पाळी म्हणजे काय आजार आहे? आमच्यात सगळ्यांचं असंच. माझं, तुझ्या आईचं. थोरलीचं तर विचारूच नकोस."

"थोरली मावशी कशाने गेली?"

"बाळंतपणात."

"म्हणजे काय झालं?"

गल्लीत पाण्याचा टँकर मागे येत होता. त्याचा भोंगा थांबेपर्यंत मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"थांबेचना," ती म्हणाली. "चादरी बदलून बदलून..." हर्षिताकडे लक्ष जाताच तिने पदर सोडून कमरेला खोचला.

भार्गवीने सोमवारी ऑपरेशन करणार होत्या त्या जयनगरच्या सर्जनबाईंना फोन लावला.

"तारीख जाईल गं," मावशी म्हणाली. पण अडवलं नाही.

भार्गवीने सगळं क्रमाने सांगितलं: दिवस, तास, गाठी, वण, थोरली मावशी. पलीकडून कन्नडमध्ये उत्तर आलं.

"सोमवारचं ऑपरेशन रद्द. मुलीला आत्ताच घेऊन या, आधी रक्त नीट गोठतंय का ते तपासू. तुम्ही तिच्या कोण?"

"मावसबहीण."

"म्हणजे तुमच्या आया सख्ख्या बहिणी?"

"हो."

"तुमची पाळी किती दिवस असते?"

"नऊ," भार्गवी चटकन म्हणाली. "पण माझी अगदी वेळेवर येते. मला त्याचा काही..."

हर्षिता मान वर करून तिच्याकडे बघत होती. फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला.

"तुमचंही पूर्ण नाव सांगा," डॉक्टर म्हणाल्या.