परराज्यातली लेक

अमेरिकेच्या फौजेत टेक्सासची माणसं जरा जास्तच भेटतात. त्यातल्या निम्म्यांचा टेक्सासशी संबंध एवढाच, की कधीतरी तिथे बदली झाली होती. ते राज्य पगारावर प्राप्तिकर घेत नाही. आणि फौजेतल्या माणसाची नोकरी कुठेही असो, पगारावरचा कर त्याच्या स्वतःच्या राज्याचा. स्वतःचं राज्य म्हणजे जिथे तो राहिला, जिथला म्हणून त्याने आपली कागदपत्रं केली आणि फौज सुटल्यावर जिथे परत जायचा त्याचा खरा इरादा आहे ते. आता इरादा काही क्ष-किरणांत दिसत नाही. त्यामुळे पोरं टेक्सासचं लायसन्स काढतात, गाडीला टेक्सासची नंबरप्लेट लावतात आणि पुढे जन्मभर त्या उन्हाळ्याला शिव्या घालत टेक्सासचे म्हणून मिरवतात.

स्टाफ सार्जंट लिओना कुचेराही अशीच कागदोपत्री टेक्सासची होती. जन्माने नेब्रास्काची, नेमणूक सध्या जॉर्जियात, काम रणगाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्याचं. मार्चमध्ये, कर भरायच्या दिवसांत, ती छावणीच्या कायदा विभागात कॅप्टन प्रुडोम यांच्यासमोर बसली होती. प्रुडोमबाई वकील. बोलायला गोड, पण प्रश्न विचारायला लागल्या की सासू परवडली.

"लायसन्स टेक्सासचं. मतदान टेक्सासात. छान," कॅप्टन म्हणाल्या. "नेब्रास्काचं काही आहे का जवळ?"

"काही नाही मॅडम. मासे पकडायचा परवाना तेवढा."

कॅप्टननी कॉफीचा कप खाली ठेवला. "परराज्यातल्यांचा ना?"

"नाही. तिथल्या रहिवाशांचा. स्वस्त असतो तो. दर जूनला मी रजेवर जाते तेव्हा वडील काढून ठेवतात."

"शाब्बास. म्हणजे कर भरताना तुम्ही टेक्सासच्या आणि मासे पकडताना नेब्रास्काच्या? सार्जंट, उद्या नेब्रास्काने विचारलं, की मासे आमचे खाता तर कर का नाही देत, तर मी काय सांगू?"

"पण वडील म्हणतात, फौजेच्याच कागदावर माझं घर नेब्रास्का लिहिलंय."

"ते होम ऑफ रेकॉर्ड. तुम्ही भरती कुठून झालात ते. नोकरी संपली की तुमचं सामान कुठवर पोचवायचं, हे फौजेला कळावं म्हणून लिहितात. त्याचा कराशी काडीचा संबंध नाही. निम्मी छावणी हाच घोळ घालते." त्यांनी लिओनाकडे नीट पाहिलं. "आता मला खरं सांगा. फौज सुटल्यावर कुठे जाणार?"

हा प्रश्न ऐकला की भले भले खाली बघतात. लिओना मात्र पटकन म्हणाली, "टेक्सासला. छोटं घर घेतलंय तिथे. सध्या भाड्याने दिलंय. मागे पीचची दोन झाडं लावलीत. बर्फ उपसून उपसून माझा जीव विटलाय मॅडम."

"मग प्रश्नच मिटला. नेब्रास्काच्या परवाना खात्याला कळवा, चूक झाली म्हणा, काय भरायचं ते भरून टाका. आणि पुढचा परवाना परराज्यातल्यांचा घ्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. खोटे टेक्सासवाले खुशाल हिंडत होते आणि सापडली कोण, तर एकुलती एक खरी.

खात्याचं काम एका फोनवर झालं. अवघड होते ते लुमीर कुचेरा, तिचे वडील. लिओनाने टेक्सासचं लायसन्स काढलं तेव्हा ते मनापासून खूश झाले होते. "काढ काढ. सगळेच करतात. सरकारला गंडवायचं तर नीट गंडवावं," असं म्हणून त्यांनी ती गोष्ट गावभर सांगितली. आपली पोर हुशार आहे, टेक्सासची झाल्याचं नाटक करते. आणि लिओनाने त्यांना तसंच समजू दिलं. बाकीचे सगळे खोटं खरं म्हणून सांगत होते. ही एकटी खरं होतं ते खोटं म्हणून सांगत होती. लुमीरच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमधला खिडकीजवळचा कामाचा ओटा अजून रिकामाच होता. तिथे कोणी पाना ठेवला तरी ते उचलायला लावत. "लिओची जागा आहे ती. येईल आता चार वर्षांत."

एप्रिलमध्ये तिने फोन केला. "बाबा, यंदा परवाना काढू नका. मी आल्यावर बघू."

"का गं? पगारवाढ झाली वाटतं."

"आल्यावर सांगते."

"बरं. कोलाचे-पावांत गोड सारण खसखशीचं भरू की जर्दाळूचं?"

"दोन्ही," ती म्हणाली, आणि फोन ठेवून स्वतःवरच चिडली.

जूनमध्ये ती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गाडीत गळ टाकून निघाली. नदीच्या वाटेवर आर्लिस नावाच्या बाईचं दुकान आहे. पेट्रोल, गांडुळं, कॉफी आणि परवाने, सगळं एकाच काउंटरवर. आर्लिसने लिओनाला लंगोटात पाहिलेलं, त्यामुळे तिने विचारलंही नाही. नाव टाकलं आणि रहिवासी म्हणून बटण दाबायला बोट उचललं.

"थांबा आर्लिस," लिओना म्हणाली. "परराज्यातली म्हणून टाका."

लुमीर हसले. "अगं, करापुरतं नाटक करापुरतं ठेव. इथे कोण बघतंय?"

"नाटक नाहीये बाबा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी खरंच टेक्सासची आहे. घर घेतलंय तिथे. फौज सुटली की तिथेच राहणार. तुम्ही नाटक समजलात आणि मला बरं वाटलं, म्हणून मी गप्प बसले."

मागे एक माणूस बर्फाची पिशवी घेऊन उभा होता, तो निमूट पुन्हा फ्रीजपाशी गेला. आपल्याकडे लेकीला परक्याचं धन म्हणायची रीत आहे, पण ते निदान लग्नात, वाजतगाजत. इथे गांडुळांच्या डब्यांसमोर उभं राहून लेकच सांगत होती. लिओनाला रडू येत होतं. रणगाड्याखाली झोपून काम करणाऱ्या बाईला ते शोभत नाही, म्हणून ती कॉफीच्या यंत्राकडे बघत राहिली.

"कधी घेतलंस?" लुमीरनी विचारलं.

"पाच वर्षं झाली."

"छप्पर कसं आहे?"

"चांगलं आहे."

"तिथे बर्फ पडत नाही म्हणे."

"क्वचित."

"हं." त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "मग तो ओटा उगाच अडवून ठेवलाय मी. पत्र्याची कात्री ठेवायला जागा नाहीये."

"ठेवा ना बाबा."

"ठेवीन." ते काउंटरकडे वळले. "आर्लिस, टाक परराज्यातली."

"लुमीर, बाहेरच्यांना पुष्कळ महाग पडतो हं," आर्लिस हळूच म्हणाली.

"पडू दे. पाहुणी आहे. पाहुण्याचा खर्च यजमानाचा." त्यांनी खिशातून पाकीट काढलं. लिओनाने आपलं काढलं होतं, ते त्यांनी कोपराने बाजूला सारलं.

"एका दिवसाचा देऊ, तीन दिवसांचा, की वर्षाचा?"

"तीन दिवसांचा," लिओना म्हणाली. "रविवारी निघतेय मी."

"वर्षाचा दे," लुमीर म्हणाले. "तीन दिवसांचा दिलास तर परत कशाला येईल ती?"