चार फुटांची रेघ

"टाच खाली."

"खालीच आहे, काका."

"मग बुटात काय भरलंयस?"

मुलाने आईकडे पाहिलं, आईने आभाळाकडे. बुटातून घडी घातलेलं वर्तमानपत्र निघालं आणि रांगेत हशा पिकला. "पुढच्या सुट्टीत ये राजा, गाडी कुठे पळून जात नाही," असं म्हणत काकांनी त्याला बाजूच्या दाराने बाहेर सोडलं.

एकोणीस वर्षं काका मनोरंजन बागेतल्या या दारात उभे होते. आत रुळांवरून चढ-उतार घेत धावणारी आठ डब्यांची गाडी, तिचं नाव वादळ. दाराशेजारच्या भिंतीवर मोजपट्टी आणि चार फुटांवर लाल रेघ. डोकं रेघेला लागलं तर आत, नाही तर परत. अंबाडे, टोप्या, उंचावलेल्या टाचा, सगळं बघून झालं होतं. बागेच्या साहेबांचा स्वतःचा पुतण्यासुद्धा एकदा अर्ध्या इंचासाठी परत गेला होता. तेव्हापासून सगळे त्यांना इंचकाका म्हणत. बायको म्हणायची, "देव माणूस घडवायला बसला आणि चुकून मोजायचा गज घडवून ठेवला." काकांना ते मनातून आवडायचं.

हा आठवडा मात्र बरा चालला होता. मागच्या सोमवारी बाग बंद ठेवून दाराशी नव्या फरश्या बसवल्या होत्या. जुना खडबडीत कोबा पायाखाली टोचायचा, आता कसं गुळगुळीत झालं होतं. शिवाय रडारड कमी झाली होती. "यंदा पोरं काय खातात कुणास ठाऊक," काका गाडी सोडायच्या बटणावरच्या बाईंना म्हणाले होते, "सगळी बांबूसारखी वाढलीयेत."

आज त्यांची नात येणार होती. नाव काहीही असो, काका तिला मुंगी म्हणत. वाढदिवसाला घरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने तिची उंची मोजली, तेव्हा ती चार फुटांना तीन बोटं कमी भरली होती. तीन महिने ती रोज दाराला लटकत होती. लटकल्याने उंची वाढते असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

दुपारी ती बापाचा हात ओढत आली. न सांगता चपला काढल्या आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, श्वास रोखून.

काकांनी तिच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला. रेघेच्या वर बोटभर.

"आजोबा?"

"पास," काका म्हणाले.

मुंगीने अशी किंकाळी फोडली की रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी बटणावरच्या बाईंना दोन मिनिटं दार बघायला सांगितलं. डब्यातले दांडे लावणं त्यांचं काम नव्हतं, पण नातीला आपल्या हाताने बसवायचं होतं.

एका बाकावर दोघं, दोघांच्या मांड्यांवर मिळून एकच लोखंडी दांडा. जावई बसले. काकांनी दांडा खाली ओढला, तो जावयांच्या पोटावर अडला.

"जावईबापू, श्वास आत घ्या जरा."

"घेतलाय हो, मामा. एवढाच जातो."

काकांनी हसत मुंगीच्या मांडीवर मूठ ठेवली. दांडा आणि मांडी यांच्यामध्ये एक मूठ मावली तर चालतं. एक मावली. दुसरीही मावली. आणि मग त्यांना तिचे पाय दिसले.

चार फुटांचं पोर बसलं की त्याचे पाय खालच्या पट्टीवर टेकतात. टेकले की उतारावर पोर स्वतःला रेटून धरतं. मुंगीचे पाय हवेत होते. उतारावर एवढं पोर दांड्याखालून सरकलं असतं.

त्यांनी मागच्या डब्याकडे पाहिलं. तिथेही दोन पाय लोंबत होते. त्याच्या मागे आणखी दोन.

"गाडी सोडू नका," काका ओरडले. एकोणीस वर्षांत त्यांचा आवाज एवढा चढलेला कोणी ऐकला नव्हता.

खिशातला टेप काढून ते भिंतीशी गेले. नव्या फरशीपासून लाल रेघेपर्यंत मोजलं. तीन फूट दहा इंच. पुन्हा मोजलं. फरशी आणि खालचा सिमेंटचा माल मिळून जमीन दोन इंच वर आली होती. रेघ मात्र जिथल्या तिथे. पोरं वाढली नव्हती.

साहेब धावत आले. ऐकून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "काका, रविवार आहे. रांग बघा. आठवडाभरात कुणाला काही झालं का? नाही ना? संध्याकाळी रेघ वर घेऊ."

"झालं नाही ते नशीब, साहेब. मला इथे नशिबाच्या भरवशावर पोरं सोडायला ठेवलेलं नाही."

"मग किती पोरं उतरवणार?"

"पाय लोंबतायत तेवढी."

पाच पोरं उतरवली. एका बापाने बागेचा उद्धार केला, तो काकांनी मान खाली घालून ऐकला. सगळ्यात शेवटी ते मुंगीपाशी आले.

ती दांडा घट्ट धरून बसली होती. "पण तुम्हीच पास म्हणालात."

"चुकलो, बाळा."

"म्हणजे मी वाढलेच नाही?"

काकांनी तिला उचलून खाली घेतलं, भिंतीशी नेलं, टेपने चार फूट मोजून पेन्सिलची खूण केली आणि तिला उभं केलं. "वाढलीस ना. तीन बोटं कमी होतीस, आता दोनच. एक बोट वाढलीस."

ती रडली नाही. चपला घातल्या आणि बापाचं बोट धरून, मागे न बघता निघून गेली. ती रडली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

गाडी तासभर बंद राहिली. रंगारी आला आणि दोन इंच वर नवी लाल रेघ ओढली. खालच्या रेघेवर पांढरा रंग मारायला त्याने ब्रश उचलला.

"ती राहू दे," काका म्हणाले.

"दोन रेघा? लोकांचा गोंधळ होईल की."

"फुली मार तिच्यावर. पण पुसू नकोस."

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास रांग संपली. मागच्या मंगळवारपासूनचे चेहरे काका आठवू लागले. एक दात पडलेला होता, एक भावाला ढकलत होता, एक तर म्हणाली होती, "थँक्यू काका." त्या सगळ्या पोरांना आपणच हाताला धरून आत सोडलं, हे त्यांना सहन होईना. आज ती आपापल्या घरी जेवत असतील, आणि आपण कशातून परत आलो हे त्यांना कधी कळायचं नाही.

त्यांनी दोन रेघांच्या मध्ये आपली बोटं आडवी ठेवून पाहिली. बरोब्बर तीन मावली. मग चपला काढून ते स्वतःच भिंतीला पाठ लावून, टाचा टेकवून उभे राहिले. बटणावरच्या बाई किल्ल्या घेऊन आल्या, पण त्यांना हाक मारण्याचा धीर झाला नाही.