बिस्किटाच्या डब्यातल्या काचा

"काका, यातले अजून दहा काप हवेत," पॅथॉलॉजी विभागाच्या नव्या प्रमुख मॅडमनी मेणाचा ठोकळा पुढे सरकवला. "मार्करच्या तपासणीला."

काप काढणाऱ्या तंत्रज्ञ काकांनी ठोकळा उजेडात धरला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कापू काय, मॅडम? यात नुसतं मेण उरलंय. 'अजून दोन, अजून दोन' करत तुमच्याच डॉक्टरांनी तुकडा फस्त केला."

एका शिक्षिकेच्या फुफ्फुसातून सुईने काढून मेणात बसवलेला तो तुकडा मुळात तांदळाच्या कणीएवढा. कॅन्सरच्या गाठीत ती ठरावीक खूण, म्हणजे मार्कर, सापडली असती, तर रोजच्या एका गोळीवर भागण्याची आशा होती. नाहीतर तेच जुनं औषध, जे त्यांना पहिल्या खेपेलाच झेपलं नव्हतं.

"तुमच्या त्या डब्यातली एखादी काच उरली असेल ना?" मॅडमनी हळूच विचारलं.

घ्या! ठोकळा यंत्रावर चढला की सुरुवातीचे जादा काप सगळे फेकतात. काका एकोणतीस वर्षं ते काचेवर उचलून बिस्किटाच्या डब्यात जपत आले होते. नियमात बसत नव्हतं, पण अडीअडचणीला शंभरदा उपयोगी पडलं. सोमवारी ह्याच मॅडमनी, 'नोंद नसलेलं काही टेबलावर नको' म्हणत तो डबा काकांच्याच हातांनी रिकामा करवला होता; त्यात ह्या तुकड्याच्याही काचा होत्या. काका दोनदा बोलले, मग गप्प बसले. आता त्यांना त्या गप्प बसण्याचाच जास्त राग येत होता.

"काचा सोमवारीच गेल्या," ते म्हणाले.

मॅडमनी नजर वळवली. "मग नातेवाइकांना सांगा, तुकडा अपुरा होता."

खिडकीपलीकडे शिक्षिकेची मुलगी फाईल घेऊन उभी होती. काकांनी तोंड उघडलं, पण ते वाक्य काही केल्या बाहेर पडेना.

"पुरेसा होता, पोरी. आम्हीच संपवला. परत सुई घालावी लागेल."

"आई आता उठून बसतसुद्धा नाही हो, काका. मागच्या वेळी म्हणाली होती, एकदाच काय ते टोचून घेते."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फाईल बंद केली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पहिल्या ठोकळ्याचे जादा काप काचेवर उचलले, पेन्सिलीने नंबर घातला आणि डबा टेबलाच्या मधोमध मांडला. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. काकांनी झाकण लावलं नाही. डब्यात एकच काच होती.