काळ्या पट्टीखालचं नाव

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. गाण्यांची नव्हे आणि शिंप्याचीही नव्हे. बोअरमध्ये सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायची, पन्नास मीटर लांबीची पोलादी टेप. माझ्या टोकाला पितळेचं वजन आहे, खालून वाटीसारखं पोकळ. ते पाण्याला टेकलं की 'टुब्' असा आवाज होतो. त्या एका आवाजासाठी माझा जन्म. तो आवाज मी शेवटचा कधी ऐकला, ते सांगायला बसले आहे. मध्येच उठू नका.

कारखान्यातले दिवस सांगण्यासारखे नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात, तिथल्या मूळ रहिवाशांच्या आमच्या वस्तीत बोअर मारायला सरकारी माणसं आली, त्यांच्या गाडीतून मी आले. जाताना ती मला पंपाच्या पत्र्याच्या खोलीत खिळ्यावर विसरून गेली. न्यायला कुणी फिरकलं नाही. चार महिने धूळ खात लटकले, तेव्हा एका बाईनं मला खाली काढलं.

तिचं नाव मी सांगणार नाही. ती आता नाही, आणि आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की हाक मारल्यासारखं होतं, आणि पुढे निघालेल्याला मागे वळावं लागतं. काही वर्षांनी सगळी माणसं एकत्र बसून ते नाव मोकळं करतात. तोवर गप्प राहायचं. तुम्ही तिला मावशी म्हणा. आमच्याकडे मावशी म्हणजे आईच.

मावशी शाळेत झाडलोट करायची. डोक्यावर बारा महिने फुटबॉल संघाची लोकरी टोपी, भर उन्हाळ्यातसुद्धा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ती मला बोअरमध्ये सोडायची, आणि तिच्या बहिणीची पोर डेलिसा पालथी पडून पाइपाला कान लावायची.

"बोललं का गं पाणी?"

"थांब ना मावशी! तूच बडबडतेस!"

"मी बडबडते? तुझ्या आईपुढे मी मुकी आहे बाई."

टुब्.

"बोललं! एकतीस मीटर ऐंशी!"

मग मावशी वहीत तारीख लिहायची, आकडा लिहायची आणि शेवटच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव. बावीस वर्षांत एकही महिना चुकला नाही. तिचा भाऊ लेस्टर, डेलिसाचा मामा, तिला चिडवायचा, "अगं, पाणी काय पळून जातंय?"

"जातंय," ती म्हणायची. "हळूच जातंय, म्हणून तुला दिसत नाही."

खरंच जात होतं. बावीस वर्षांत चार मीटर. कुणाला काही वाटलं नाही, पण मला दर वर्षी थोडं जास्त अंधारात उतरावं लागायचं, आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

डेलिसा शिकायला शहरात गेली. पुढे विद्यापीठात जाऊन तिनं जमिनीखालच्या पाण्याचाच अभ्यास धरला. आमच्या वस्तीतून विज्ञानात इतकं शिकणारी ती पहिली. तिथे एका मुलीनं तिला गोड आवाजात विचारलं, "तुमच्या लोकांसाठी परीक्षा वेगळी असते ना?" समारंभ असला की पाहुण्यांच्या स्वागताला डेलिसाला मंचावर बोलवत, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात तिलाच विचारत, "कुणाला भेटायचंय?" ती सुट्टीत हे हसत सांगायची. मावशी हसायची नाही.

तिचे गाइड प्रोफेसर हॅलोरन मात्र भला माणूस. मावशीच्या वह्या पाहून ते खुर्चीत बसलेच. "डेलिसा, हे सोनं आहे. इतकी जुनी नोंद त्या भागात कुणाकडेच नाही."

आणि मावशी गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. लेस्टरमामानं सगळ्या वह्या पुढ्यात घेतल्या आणि प्रत्येक ओळीतल्या तिच्या नावावर काळी चिकटपट्टी लावली. दोनशे चौसष्ट ओळी. पट्टीच्या दोन गुंडाळ्या संपल्या. पुढची दोन वर्षं डेलिसा दर महिन्याला शहरातून येऊन मला बोअरमध्ये सोडत राहिली.

त्याच सुमारास टेकडीपलीकडे कलिंगडांचा मोठा मळा करायला एक कंपनी आली. वाळवंटात कलिंगडं! जमिनीखालचं पाणी दर वर्षी भरून येतं, असं त्यांच्या कागदात लिहिलं होतं. ते खोटं आहे हे दाखवणारा एकच कागद होता, डेलिसाचा प्रबंध. तो पास झाला तर कंपनीच्या परवान्याच्या सुनावणीत पुरावा म्हणून धरणार होते. सुनावणीला तीन आठवडे होते.

व्हायवाच्या दिवशी तिनं मलाही नेलं. मी वह्यांशेजारी टेबलावर होते. समोर तीन परीक्षक. त्यांतल्या अध्यक्षबाई पानं उलटत राहिल्या.

"ही नावं का झाकलीत?"

डेलिसानं सगळं समजावून सांगितलं.

"आम्हाला तुमच्या चालीरीतींचा आदर आहे," बाई म्हणाल्या. "पण मोजणी कुणी केली ते कळल्याशिवाय आकडे कसे धरायचे? असं करा, नाव कागदावर लिहून पाकिटात बंद करून द्या. आम्ही ते वाचणारसुद्धा नाही."

"वाचणार नसाल तर लिहायचं कशाला?"

कुणी हसलं नाही. मागे बसलेले हॅलोरन हळूच म्हणाले, "लिहून टाक गं. घरी कुणाला कळणार आहे?"

तिनं मामाला फोन लावला, तिथेच, सगळ्यांसमोर. "मामा, नाव मोकळं करता येईल का? आजच?"

 मामा म्हणाला, "अजून दोन हिवाळे जायला हवेत. तुझी आई अजून रडतेय, पोरी."

"तोवर तिथं कलिंगडं लागतील, मामा."

"माहितीये मला. तू शिकलीस, तूच ठरव."

डेलिसानं पेन उचललं. टोक कागदाला टेकलं, एक ठिपका उमटला. माझा जीव टांगणीला लागला होता. खरं सांगते, मला वाटत होतं, लिही बाई, लिही. मी खालचा अंधार पाहिला आहे, तू पाहिलेला नाहीस.

तिनं पेन खाली ठेवलं. "तिला मी मागे बोलावणार नाही," ती म्हणाली. "पाण्यासाठीसुद्धा नाही."

बावीस वर्षं प्रबंधातून वगळली. उरलेल्या दोन वर्षांत पाणी हातभर उतरलं होतं. त्यावर शेरा आला, 'टेपची चूक असू शकते.' माझी चूक! मित्रांनो, पोलादालाही लाज वाटते, ते मला त्या दिवशी कळलं. डेलिसाला पदवी मिळाली, कंपनीला परवाना मिळाला. वस्तीत कांगारूची शेपटी भाजून जेवण झालं. "डॉक्टरीणबाई, माझा गुडघा बघा," म्हणून मामानं पाय पुढे केला. सगळे हसले. टेकडीपलीकडे त्याच आठवड्यात पंप सुरू झाले.

शहरातली नोकरी सोडून डेलिसा घरी राहिली. पहिल्या वर्षी अडतीस मीटर. दुसऱ्या वर्षी चव्वेचाळीस. नळाला लाल पाणी यायला लागलं, मग टँकर आला, मग एकेक घर गाडीत सामान घालून शहराकडे निघालं. दोन हिवाळे झाले, तिसराही झाला. पण नाव मोकळं करायला सगळी माणसं एकत्र यावी लागतात, आणि आता सगळे म्हणावेत इतके उरलेच नव्हते. मावशीचं नाव अजून पट्टीखाली आहे.

गेल्या सोमवारी डेलिसानं मला सोडलं. मी उतरत गेले, उतरत गेले, आणि पन्नासाव्या मीटरला संपले. ती पाइपाला कान लावून पालथी पडली, लहानपणी पडायची तशीच. मामा शेजारी उभा होता.

"बोललं का गं?"

ती उठली. वहीत तारीख लिहिली. आकड्याच्या जागी 'आवाज नाही' असं लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात स्वतःचं नाव. मग तिनं विचारलं, "मामा, मी गेल्यावर माझ्या नावावर पट्टी लावायला इथं कोण असेल?"

 मामानं खिशातून काळ्या पट्टीची एक नवी गुंडाळी काढली आणि वहीवर ठेवली.

ती गुंडाळी, ती वही आणि मी, आम्ही अजून त्याच पत्र्याच्या खोलीत आहोत. मित्रांनो, कधी इकडे आलात तर एवढंच करा. त्या पट्ट्या उचकटू नका. आकडे कुणी झाकलेले नाहीत, ते वाचा.