शंभरात सत्त्याण्णव

अभिमन नानांच्या गुलाबी कार्डावर रोजचे दोन चौकोन होते, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. नाना फिरून आले की त्यात बरोबरची खूण करायची, एवढंच लताचं काम. पण नानांची ही सून ते काम देवापुढे वात लावावी तसं करायची. बाळ मांडीवर पीत असलं तरी कार्ड गुडघ्यावर टेकवून एका हाताने खूण करणार, मगच दुसऱ्या कामाला उठणार.

कापसाच्या ऐन वेचणीत नानांना हृदयाचा झटका आला होता. जळगावच्या दवाखान्यातून घरी सोडताना कुंदाबाई सिस्टरनी हे कार्ड हातात दिलं. झटका येऊन गेलेल्या बावीस जणांसाठी तिथे नवीनच वर्ग काढला होता. महिन्यातून एकदा तिकडे यायचं, बाकी घरीच, दोन वेळा चाळीस-चाळीस मिनिटं चालायचं. बावीसातले कितीजण हे नेमाने करतात, तेही दवाखान्याला मोजायचं होतं. सासूबाई वारल्या होत्या, नवरा मगन आठवडाभर धुळ्याला कामावर. म्हणून कार्ड लताकडे आलं. ती जळगावात वाढलेली. लग्नानंतर तिला बारावीला बसू दिलं ते नानांनीच. धरणगावची गल्ली नावं ठेवायला लागली तेव्हा, "मनी सून शे, तुमनी नही," असं ओट्यावरून ठणकावून सांगणारा हा माणूस.

नाना फिरून आले की पाय धुऊन खाटेवर बसत आणि सांगायला लागत. "आज पार पुललगून गऊ. केळीनी गाडी पलटी व्हयनी तठे. बठ्ठा रस्ता पिवळा!" कधी नथ्थूची म्हैस व्यायलेली असायची, कधी जिनिंगच्या फाटकात दोन बैलगाड्या अडकलेल्या. दवाखान्याच्या खेपा सोडल्या तर लता बाळंतपणापासून ओट्याखाली उतरली नव्हती. नानांच्या पायांनी तीही रोज गाव फिरून यायची.

तीन महिने झाले आणि तपासणीचा दिवस आला. कुंदाबाईंनी पेन्सिलीच्या टोकाने चौकोन मोजले. एकशे ऐंशीतले एकशे चौऱ्याहत्तर भरलेले, तापाचे तीन दिवस तेवढे कोरे.

"शंभरात सत्त्याण्णव!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "अहो, जळगावातली माणसं निम्म्यावर गळाली. धरणगावकरांनी कमाल केली."

बाकावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. लताने उगीचच बाळाचं टोपडं नीट केलं.

मग चालण्याची परीक्षा. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात खडूच्या रेघा मारल्या होत्या, सहा मिनिटं येरझारा घालायच्या. तिसऱ्या फेरीला नानांनी भिंत धरली. चौथ्या फेरीला ते स्टुलावर बसले, घामाने सदरा पाठीला चिकटला होता. कुंदाबाईंनी नाडी पाहिली. मग कार्ड पाहिलं. मग लताला.

"रोज ऐंशी मिनिटं चालणाऱ्या माणसाला सहा मिनिटं निघत नाहीत? ताई, घरी बसून भरलंत का हे?"

"नाही हो सिस्टर! नाना आले की मगच मी..."

"एक खोटं कार्ड आमची बावीस जणांची मोजणी नासवतं. आणि उद्या यांना काही झालं तर? शिकलेल्या दिसता तुम्ही."

लताने नानांकडे पाहिलं. आता ते बोलतील. नानांनी तोंडावरून उपरणं फिरवलं आणि फरशीकडे बघत म्हणाले, "पोर शे ती, सिस्टर. भरी टाकं व्हई. चुकी जास."

परतीच्या एसटीत लताने बाळाला मांडीवर झोपवलं. आपलंच काही चुकलं असेल का, म्हणून ती मनातल्या मनात एकेक चौकोन तपासत होती. धरणगावच्या स्टँडवर उतरले तर समोरून झिपरू न्हावी हसत आला.

"काय नाना, आज तुमनी खुर्ची रिकामीच राह्यनी! दोन्ही येळ वाट पाही."

लता थांबली. नाना झपझप पुढे निघाले. तेवढ्या दहा पावलांनीही त्यांना धाप लागली.

घरी तिने बाळाला पाळण्यात टाकलं आणि विचारलं, "तीन महिने झिपरूच्या दुकानात बसत होतात?"

"माले लाज वाटे," नाना खाटेच्या काठावर बसत म्हणाले. "हात हालवत चालनू ते दहा जण इचारतस, कोठे चालनात नाना? काय सांगू? कोठेच नही, नुसता चाली राह्यनू? येडा म्हंतीन. पहिल्या दिनले सांगं, झिपरूकडे चालनू. मंग तठेच बसनू."

"आणि पुलावरची केळीची गाडी?"

"झिपरूनी सांगी."

"नथ्थूची म्हैस?"

नाना उपरण्याची घडी घालायला लागले.

"चालला नाहीत, ते जाऊ द्या. चौकोन कोरा ठेवला असता मी, कोणी फाशी दिली नसती. पण तिथे माझं नाव पुढे केलंत, नाना. माझ्याकडे बघितलंही नाहीत."

"मनं तोंडच उघडनं नही."

"उघडलं की. 'चुकी जास' म्हणायला उघडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना चपला घालत होते तेव्हा लताने बाळ कडेवर घेतलं, डोक्यावरून पदर ओढला आणि मगनचं जुनं घड्याळ मनगटाला बांधलं.

"सून सासरासंगे फिरस का कोठे? लोके काय म्हंतीन?"

"विचारतील. मी सांगेन."

ती दहा पावलं मागून निघाली. पहिल्याच ओट्यावर भागाबाई तांदूळ निवडत बसली होती. "कोठे चालनात नाना?"

नानांच्या तोंडून झिपरूचं नाव निघणार, तोच लता मागून म्हणाली, "कुठेच नाही, भागा अक्का. नानांना झटका येऊन गेला ना. रोज नुसतं चालायचं आहे त्यांना."

नानांचे कान लाल झाले. "मंग हळू जा रे बा," भागाबाई म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडायला लागली. झिपरूच्या दुकानापाशी नाना रेंगाळले. लताही मागे थांबली, घड्याळ बघत. ते पुढे चालू लागले.

पुलाच्या अलीकडेच ते दगडावर बसले. लताने कमरेला खोचलेलं, पुढच्या तीन महिन्यांसाठी मिळालेलं कोरं कार्ड काढलं आणि सकाळच्या चौकोनात खुणेऐवजी आकडा लिहिला. अकरा.

"चाळीस लिख ना," नाना हळूच म्हणाले. "सिस्टर काय म्हनी? उद्या करसू."

"मी बघितलं तेवढं लिहिलं."

"लता, रागे भरनीस का माय?"

एरवी या 'माय'ला ती विरघळली असती. आताही आतून काहीतरी हललंच. तिने बाळ या कडेवरचं त्या कडेवर घेतलं.

"धाप ओसरली की सांगा नाना," ती म्हणाली. "परत जायलाही अकरा मिनिटं लागतील. तीही मीच मोजणार आहे."