शांततेचा शेरा

नरडाण्याच्या त्या कापसाच्या जीनमध्ये सरकी आणि रुई वेगळी करायला रेच्यांची चाळीस यंत्रं लागत. आई आणि मूल वेगळं करायला अफूची मोहरीएवढी गोळी पुरे होई.

पहाटेचा भोंगा झाला की बायका गोळी अंगठ्याच्या नखावर घेत, दुधात घोळून पोराच्या जिभेला लावत आणि पोराला पाठीशी बांधून कामाला निघत. पोरं दिवसभर रेच्यांच्या पायाशी, रुईच्या ढिगाच्या कडेला निजून राहत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट एखादीने गोळी दिली नाही तर बाकीच्या तिला नावं ठेवत, पोराला रडवते म्हणून. मागच्या हंगामात चाळीतलं एक पोर निजलं ते उठलंच नाही. त्याला बाहेरचं लागलं असं ठरलं, कारण गोळी तर सगळीच पोरं घेत होती.

सन अडतीसच्या हंगामात सरकारने कळवलं, की जिथे पन्नासाहून जास्त बाया कामाला असतील तिथे पोरांसाठी वेगळी खोली हवी आणि ती सांभाळायला एक बाई हवी. शेठ मुंबईला असत. त्यांनी दिवाणजी शालिग्रामला लिहिलं, 'योग्य ते करावे.' शालिग्रामने बारदानाच्या दोन खोल्यांतली एक रिकामी केली, दारावर 'बालसंगोपन गृह' अशी पाटी रंगवून घेतली आणि रेच्यावरच्या बायांमधून धुरपदाबाईला निवडलं. ती कमी बोलते, हा तिचा गुण त्याने हेरला होता.

धुरपदाबाईने काम घेतलं ते एकाच कारणासाठी. तिच्या लेकीची, मंजुळाची लेक, बेबा. मंजुळाचा नवरा सुरतेला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून माय-लेकी दोघी जीनवर आणि बेबा गोळीवर. पोर अडीच वर्षांची झाली तरी पाय टेकत नव्हती, मान धरत होती ती उपकार केल्यासारखी, आणि बोलणं म्हणाल तर मंजुळाला तिचा आवाज नीटसा आठवतही नसे. आता आपण खोलीत बसणार, तर या एका पोरीची गोळी तरी सुटेल, एवढाच धुरपदाबाईचा हिशेब होता.

पहिले पंधरा दिवस तिला कामच नव्हतं. सतरा पोरं ओळीने निजलेली. ती माशा वारत बसे. खोली तपासायला सरकारी इन्स्पेक्टर साहेब आले तेही अशाच वेळी. त्यांनी घड्याळ काढलं, दहा मिनिटं उभे राहिले. एकही पोर रडलं नाही. साहेबांच्या बंगल्यात दोन मुलं, दोन आया, आणि वर्तमानपत्र वाचायला साहेबांना व्हरांड्याच्या टोकाला जावं लागे. ते इतके भारावले, की वहीत लिहून गेले, 'अशी शांतता आणि शिस्त जिल्ह्यात अन्यत्र पाहिली नाही.' शालिग्रामने त्या शेऱ्याचं मराठी करून घेतलं, काचेत बसवलं आणि कचेरीत गणपतीच्या शेजारी टांगलं.

त्याच आठवड्यात धुरपदाबाईने बेबाची गोळी बंद केली.

तीन दिवस पोर ओरडली. जुलाब लागले, अंग तापलं, हातपाय आवळून आले. चाळीस रेच्यांच्या खडखडाटात बाईला मुकादमाची शिवी ऐकू येत नाही, पण आपल्या पोराचं रडणं ऐकू येतं. मंजुळा दर घटकेला रेचा सोडून धावत येई आणि उखर्डू मुकादम तिच्यामागे.

"मंजुळे, जीन चालवायला आलीस का पोर?"

"पोर मरी जाई हो, नाना!"

"मग गोळी दे. तूच जगावेगळी का?"

भिकुबाई शेजारच्या रेच्यावर होती. तिची दीड वर्षाची शेवंती रोज खोलीत निजे. दुपारच्या सुट्टीत ती धुरपदाबाईला म्हणाली, "अक्का, गोळी ना दिधी ते पोर रडी. रडी ते मी काम सोडीसन येसू. मुकादम काय मना मामा शे?"

धुरपदाबाईने बेबाच्या कपाळावरचं फडकं पुन्हा ओलं केलं.

दहाव्या दिवशी बेबाने वर पाहिलं. म्हणजे डोळे उघडे होते ते आधीही असत. या वेळी त्यांनी काहीतरी पाहिलं. खोलीच्या कोपऱ्यात सरकी सांडली होती. पोर सरपटत तिथे गेली, एक बी उचलून पत्र्याच्या डब्यात टाकली, ती वाजली, आणि बेबा दचकली. मग दुसरी टाकली. त्या दिवशी तिने संध्याकाळपर्यंत दुसरं काही केलं नाही. धुरपदाबाईनेही नाही.

महिन्याभरात बेबा भिंत धरून चालायला आणि दोन-दोन शब्द बोलायला लागली. धुरपदाबाई कुणाला काही सांगायला गेली नाही. सुट्टीच्या भोंग्याला बेबाचं बोट धरून फाटकापर्यंत चालत गेली, एवढंच. बायका थांबून बघत. मग एकेक बाई गोळी अर्धी करू लागली, मग पाव, मग नाही. होळीपर्यंत सात पोरं जागी झाली. चंद्राच्या कोरीसारखी एकेकाची समज वाढत होती. वना नावाचं तीन वर्षांचं पोर सरकीच्या पाच बिया वेगळ्या काढून दाखवी. एकाला बारदानाच्या सुतळीला गाठ मारता येऊ लागली. बाई शिकलेली नव्हती. तिला येत होतं ते ती शिकवी, म्हणजे दळणाच्या ओव्या, गाठी, आणि कोणती मुंगी चावते.

आणि एके दिवशी शालिग्रामला भिंतीपलीकडून आवाज आला. रडण्याचा नव्हता. पोरं हसत होती.

तो दारात येऊन उभा राहिला. "बाई, हे काय?"

"हसतस, आबा."

"ते मला कळतं. पण साहेबांनी काय लिहिलंय? शांतता. आता इथे गलका झाला तर साहेब खोटे ठरतात. सरकारी साहेबाला खोटं पाडायचा तुमचा विचार आहे का?"

"नही, आबा."

"बारदानाला जागा पुरत नाही, ते वेगळंच. पुन्हा आवाज आला की खोलीला कुलूप आणि पोरं आयांकडे. आयांना सांगा, पूर्वीसारखं करा."

पूर्वीसारखं म्हणजे काय, ते त्याने तोंडाने सांगितलं नाही. सुशिक्षित माणूस.

धुरपदाबाई दिवसभर विचार करत बसली. गोळी दिली तर खोली राहते आणि पोरं जातात. नाही दिली तर खोली जाते, आणि पोरं रेच्यांच्या पट्ट्यांपाशी. जागं पोर मुकादम तिथे ठेवू देणार नाही, म्हणजे पुन्हा गोळी आलीच. दोन्ही वाटा अफूच्या ठेक्यावरच जात होत्या.

शेवटी तिने पोरांना झोपेचं सोंग शिकवलं. त्या खोलीत पद्धतशीर शिकवला गेलेला हा पहिला विषय. तिने पदर तोंडावर ओढला, की पोरांनी जिथे असतील तिथे आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, तोंड जरासं उघडं ठेवायचं. पोरांना हा खेळ फार आवडला. शालिग्राम दिवसातून दोनदा डोकावे आणि समाधानाने परत जाई. एकदा त्याला संशय आला, म्हणाला, "हाका मारा बरं एकेकाला." नशिबाने त्या दिवशी पोरं खरंच दमून झोपली होती. तो गेल्यावर धुरपदाबाईने विषयात एक धडा वाढवला: मी हाक मारली तरी उठायचं नाही. परका माणूस जाईपर्यंत, कितीही हाका मारल्या तरी.

बेबा या विषयात सगळ्यांत हुशार निघाली. दोन वर्षं खरोखरच तशी निजलेली पोर; तिला नक्कल करावी लागत नव्हती, आठवण पुरत होती.

चैत्रात इन्स्पेक्टर साहेब पुन्हा आले. या खेपेला त्यांच्याबरोबर धुळ्याच्या सुनंदाबाई होत्या. त्या मास्तरीण, लहान मुलांचा वर्ग चालवत. त्यांच्या वर्गातल्या बारा मुलांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जाई, म्हणून ही जिल्ह्यातली एकमेव शांतता त्यांना स्वतः पाहायची होती. येताना त्यांनी लाकडी ठोकळ्यांची पेटी आणली होती. मनासारखी खोली दिसली, तर दर महिन्याला येऊन बायांना शिकवायचंही त्यांच्या मनात होतं. तसं त्यांनी साहेबांना टांग्यातच सांगितलं होतं आणि दारात शालिग्रामलाही सांगितलं.

धुरपदाबाईने ते ऐकलं. पण तोवर टांग्याची घुंगरं ऐकूनच तिने पदर तोंडावर ओढला होता.

सुनंदाबाईंनी खाली बसून पेटी उघडली. लाल, पिवळे, हिरवे ठोकळे. त्यांनी दोन ठोकळे एकमेकांवर आपटले. सतरा पोरांपैकी एकही हललं नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. सकाळचे दहा.

"हे सगळे या वेळी कसे झोपले?"

"सवय लावली आहे," शालिग्राम म्हणाला.

सुनंदाबाईंनी बेबाचा हात उचलला आणि सोडला. हात ओल्या फडक्यासारखा खाली पडला. त्यांचा चेहरा बदलला.

"बाई, खरं सांगा. अफू देता ना यांना?"

धुरपदाबाईने शालिग्रामकडे पाहिलं. शालिग्राम आढ्याकडे पाहत होता, तिथे काही नव्हतं. होय म्हणावं तर गुन्हेगार. नाही म्हणावं तर पोरं जागी, आणि जागी पोरं म्हणजे उद्या कुलूप. पण पेटी उघडी होती, आणि ही बाई दर महिन्याला यायचं म्हणत होती. धुरपदाबाईने आयुष्यात पहिल्यांदा साहेबासमोर तोंड उघडलं.

"दहा झणले देतस त्यासन्या माया. बाकीना सात जागा शेतस."

"दहांना आया देतात, आणि सात जागी? मग उठवा."

"बेबा, उठ माय."

बेबा हलली नाही.

"बेबा, हाई खेळ नही शे. उठ. वना, तू तरी उठ रे!"

वनाच्या पायाचा अंगठा किंचित हलला. त्याने तो हळूच गोधडीत ओढून घेतला. ते एकट्या धुरपदाबाईला दिसलं. ती बेबाला गदागदा हलवू लागली, हाका मारता मारता तिला रडू फुटलं, आणि पोर मान लोंबकळत ठेवून, तोंड जरासं उघडं टाकून, शिकवल्याबरहुकूम निपचित राहिली.

"सोडा तिला," सुनंदाबाई म्हणाल्या. "मारून टाकाल पोरीला. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

धुरपदाबाईला पुष्कळ वाटत होतं.

साहेबांची पंचाईत झाली होती. पण अशा वेळी दोष बाईचा निघाला की सगळ्यांचीच सोय होते. त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं: सांभाळणाऱ्या बाईस काढावे, शिकलेली बाई मिळेपर्यंत खोली बंद ठेवावी. शिकलेली बाई नरडाण्याला कधी मिळेल, ते लिहिलं नाही. शालिग्रामने मान डोलावली आणि खोलीची लांबी-रुंदी नजरेने मोजली. सुनंदाबाईंनी पेटी उचलली आणि डोळे पुसत टांग्यात बसल्या. त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

घुंगरं लांब गेल्यावर बेबा उठून बसली. तिचा चेहरा फुलून आला होता.

"मोठमाय! मी उठनी नही!"

संध्याकाळी शालिग्रामने धुरपदाबाईला बोलावलं. तो काही दुष्ट नव्हता. "उद्यापासून रेच्यावर या. जुनी जागा देतो. पोरीचं काय, सगळ्या करतात तसं करा."

"येत नही, आबा."

"मग खाल काय? आणि राहाल कुठे? चाळ शेठची आहे."

"मंजुळा शे ना कामले."

"हंगाम संपेपर्यंत आहे," शालिग्राम म्हणाला. तो धमकी देत नव्हता, पंचांग सांगत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भोंग्याला मंजुळा एकटीच निघाली. दार लावायला धुरपदाबाई उठली, तर उंबऱ्यापाशी वना उभा. त्याच्यामागे त्याची आई, पदराखाली अर्धी भाकर. तिने भाकर आत ठेवली. मग दुसरी आली, तिसरी आली. आठ हात लांब खोलीत सात जागी पोरं झाली. शेवटी भिकुबाई आली. शेवंती तिच्या खांद्यावर पोत्यासारखी पडली होती.

"आज गोळी दियेल शे, अक्का," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "सकायथीन बंद."

एवढा उद्याचा वायदा करून ती पळाली, कारण दुसरा भोंगा झाला होता.

धुरपदाबाईने शेवंतीला मांडीवर घेतलं. पोरांनी तोवर तांब्या, परात, पाटा असं मिळेल ते वाजवायला घेतलं होतं. शेजारच्या खोलीतून बॉयलरवरचा रात्रपाळीचा फायरमन भिंतीवर बुक्की मारून ओरडला, "कोण मेलंय रे तिकडे? दिवाणजीले सांगू का?" धुरपदाबाईचा हात सवयीने पदराकडे गेला. मग तिने पदर कमरेला खोचला आणि पोरांना वाजवू दिलं.

ती शेवंतीचे तळवे चोळत बसली. ऊन उंबऱ्याच्या आत आलं, चुलीपर्यंत गेलं. दुपार होत आली तेव्हा पोरीने एक डोळा उघडला, थोडा वेळ पत्र्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटला. धुरपदाबाई चोळत राहिली.